मीठ बघायला

आत्याबाई, तुमच्या सुनेला गावानं सरपंच केलं, हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. असता तर पदर तोंडाला लावून हसला असता, "हिला भाकरी गोल येईना आन् ही गाव चालवती!" भाकरी अजून गोल येत नाही. गाव चाललंय.

गेल्या उन्हाळ्यात मी ग्रामसभेत ठराव मांडला. आईबापाला जो सांभाळणार नाही, त्याला पंचायतीचा एकही दाखला मिळणार नाही. टाळ्या पडल्या, बारामतीच्या पेपरात फोटो आला, शेजारच्या सणसर गावाहून लोक ठराव कसा केला ते विचारायला आले. तक्रार मात्र एकही आली नाही. मला वाटलं, चला, गाव सुधारलं. मग एका दुपारी आपल्या गल्लीच्या टोकाचे आबा शाळेच्या भिंतीला टेकून बसलेले दिसले. मुलगा आणि सून बारामतीला कामाला, सकाळीच डबे घेऊन जातात. म्हाताऱ्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी त्यांना दात नसल्यानं चाववत नाही. सदरा अंगावर नुसता लोंबत होता. मी म्हटलं, आबा, अर्ज द्या, पुढचं मी बघते. मीच काही चोरल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. "माझ्याच पोराची तक्रार करू व्हय? मला काय कमी हाय, सूनबाई? जेवलोय मी." उठून गेले, ते पुन्हा शाळेकडे फिरकेनात. फार लागलं मला ते. ठराव माझा आणि उपाशी ते.

तेव्हा तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी नवी नवरी. शेजारच्या म्हातारीला घरचे नीट जेवायला घालत नाहीत, हे मी गल्लीत सगळ्यांदेखत बोलून गेलेय. तुम्ही मला दंडाला धरून आत ओढता. चुलीवर कालवण उकळतंय. "तिला जेवाय घालायचंय का तिची अब्रू काढायचीय? एक काय ते ठरीव." मग वाडगाभर कालवण आणि वर दोन भाकरी माझ्या हातात देता. "जा. म्हणावं, आमच्या आत्याबाईंस्नी चव कळंना झालीया, जरा मीठ बघा." म्हातारी ओसरीवर बसून सगळं संपवते, बोटं चाटते आणि सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "बराबर हाय म्हणावं." असं ती असेपर्यंत रोज चाललं. तुमच्या जिभेला चव नाही असं सगळ्या गल्लीला वाटायचं, आणि तुम्ही ते वाटू दिलंत.

शाळेत मुलांना जेवण वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव घ्यायची, असा सरकारी नियमच आहे. मास्तर चमचाभर घ्यायचे. मी आबांना निरोप धाडला की मास्तरांना तिखटामिठातलं कळत नाही, जाणतं माणूस पाहिजे. वरचा शिधा आपल्या घरून दिला. मास्तर म्हणाले, "बाई, चवीला चमचाभर पुरतं की." म्हटलं, "आबांच्या जिभेला ताटभर लागतं." मास्तर काय ते समजले. आबा धुतलेला सदरा घालून आले, पोरांच्या पंगतीत बसले, ताट पुसून खाल्लं आणि म्हणाले, "मीठ जरा कमी हाय. उद्या परत बघाया पायजे."

त्यांचा मुलगा तणतणत माझ्या दारात आला होता, "आमी बापाला उपाशी ठिवतो व्हय?" मी म्हटलं, "न्हाय रे, तुझ्या बापाची जीभ गावाला लागती." आल्या पावली माघारी गेला. हल्ली त्यांच्या घरी सकाळी मऊ भात झाकलेला असतो म्हणे. ठराव अजून आहे, तो असू दे. दाराआड काठी असलेली बरी.

हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुमचा लेक गेल्यापासून घरात मी एकटी आहे. तुमचा नातू पुण्यात असतो, पोरगं गुणी आहे, रोज फोन करून विचारतं, "आई, जेवलीस का?" मी म्हणते, जेवले. एका जिवासाठी गॅस पेटवायचा कंटाळा येतो, हे त्याला सांगत नाही. काल आबा मुलाबरोबर दवाखान्यात गेले होते, म्हणून चव घ्यायला मी बसले. पोरांच्या मधोमध, पुढ्यात ताट घेऊन. मीठ अगदी बरोबर होतं, आत्याबाई. तरी मी म्हणाले, "जरा कमीच हाय. उद्या परत बघावं लागंल."