थॉर्नबीची तसबीर

३ मे
कुठून बोलले मी! मार्गरेटबाई, ऑलिव्हरची आई, म्हणजे आमच्या तनिषाच्या होणाऱ्या सासूबाई, विचारत होत्या, लग्नात काय काय लागतं. म्हटलं, आमच्यात भटजी नाही, होम नाही. बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. देशाचं संविधान लिहिलं त्यांनी.
गोऱ्यापान बाई. म्हणाल्या, "आमचाही एक होता." जोसाया थॉर्नबी. अमेरिकेतला बडा सिनेटर, तिथल्या एका राज्याचं संविधान लिहिणाऱ्यांपैकी. "त्याची तसबीर आणू?"
मी आपली हो म्हणून मोकळी! पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?

४ मे
अगं आई गं! गूगल केलं.
गडगंज श्रीमंत. शेकडो गुलाम. आणि एका गुलाम बाईपासून झालेली स्वतःची मुलगी — विकली त्यानं. पोटची पोर!! हा बाबासाहेबांच्या शेजारी? माझ्या मुलीच्या लग्नात?
ह्यांना सांगितलं. चहा तसाच राहिला. "फोन कर. आत्ता!" म्हणाले.
तनिषा रडायला लागली. "आई, ते ऑलिव्हरचा फॅमिली आहे. तू हो बोलली ना?"

९ मे
जेवण जात नाही.

१७ मे
आज फार झालं. म्हटलं, त्या माणसासमोर मी त्रिशरण म्हणणार नाही. तनिषा ताडकन उठली. "मग मी रजिस्टर ऑफिसमध्ये साइन करते. तू येऊच नको." आणि निघून गेली लंडनच्या त्या टोकाला, क्रॉयडनला, ऑलिव्हरकडे. एकुलती एक पोर, आणि तिच्या लग्नाला मीच नसणार?

२२ मे
शेवटी बाईंना फोन केलाच. सरळ विचारलं — त्यानं मुलगी विकली, माहीत आहे तुम्हाला?
"येस," म्हणाल्या. शांतपणे. येस!! काय बाई आहे ही! मी फोनच ठेवून दिला.

२३ मे
मार्गरेटबाई स्वतः आल्या, एजवेअरला, आमच्या घरी. हातात तसबीर.
दारातच म्हणाल्या, "त्यानं जी विकली, त्या मुलीचे वंशज आम्ही. घरात कुणी बोलत नाही. ऑलिव्हरला काल सांगितलं." मग रडल्या. "तिला त्यानं लग्न करू दिलं नाही. तिच्या वंशातलं लग्न त्याला बघायला लावायचंय मला, बस."
मी मिठीच मारली त्यांना.

२४ मे
तनिषा परत आली, लग्न लागलं. तसबीर बाबासाहेबांच्या टेबलावर नव्हती. शेवटच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीवर, तोंड नवरा-नवरीकडे करून — मीच नेऊन ठेवली.