विहिरीतली वाम

आबा, आपल्या विहिरीतल्या वामीनं खाणं सोडलंय. तुम्ही गेल्यापासून कलेजीचे तुकडे आईच टाकते, पण आता ते तसेच तळाला जातात. आई म्हणते, "तुझ्या आबासारखंच करायलीय. ताट सरकवून बसायलीय."

पण ती आजारी नाही. वाम मासे वाचवणाऱ्या एका ग्रुपबरोबर मी तेरणा नदीवर फिरते, तिथं कळलं. वाम अंडी घालायला समुद्रात जाते, आयुष्यात एकदाच. जायची वेळ आली की खाणं सोडते, तिचे डोळे मोठे होतात. काल विहिरीत उतरून बघितलं. मोठे झालेत.

तुम्ही तिला धरलंत तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही नदीत गुडघाभर पाण्यात उभे आहात, तळव्यांना चुलीतली राख चोळताय, कारण राखेशिवाय वाम हातात ठरत नाही. कपारीत हात घालता आणि ती वळवळत बाहेर येते. मी ओरडते, "आबा, साप!" तुम्ही हसता. "साप न्हाय गं येडे, कालवण हाय." मी इतकी रडले की कालवण राहिलं आणि वाम घागरीतून विहिरीत गेली. "घे, तुझी झाली. हितं हिला कुणी धरत न्हाय."

खरंच कुणी धरली नाही. नदीत लोक करंट सोडून मासे मारतात, आम्हाला तिथं अजून एकही वाम दिसली नाही. पण समुद्राची वाट तिथूनच आहे. पाऊस संपलाय, पाणी अडवायला खालच्या बंधाऱ्यांना दारं बसायला लागलीत, आणि पुढं धरणं आहेतच. ग्रुपमधली ताई म्हणाली, "पोचेल याची गॅरंटी नाही गं. पण विहिरीतून तर कुठंच जाता येत नाही."

आई चिडली. "आबाचं एवढंच राहिलंय घरात. ते बी टाक नदीत!" मग थोड्या वेळानं चुलीतली राख चाळून माझ्यापुढं ठेवली.

आज सकाळी उतरले. लई निसटली, शेवटी पायरीच्या कपारीत सापडली. तुमच्याच घागरीतून नेली. बंधाऱ्यावर दारं बसवणारे काका ओरडले, "काय सोडायलीस गं पोरी?"

"निर्माल्य," म्हटलं.

सोडल्यावर ती थोडा वेळ माझ्या पायाशीच थांबली. आबा, तेवढ्यात मी घागर पुन्हा पाण्यात वाकवली होती, तिला परत घ्यायला. तीच गेली म्हणून, नाहीतर मी तिला घरी आणली असती.