गंजक्या बंदुकांची पोचपावती

अण्णा,

आज शाळेत माझा सत्कार झाला. सातपूरच्या कामगार वसाहतीतली तीच शाळा, जिथे तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून सोडायचात. शाल झाली, नारळ झाला, मुख्याध्यापिकाबाईंनी मला शांतिदूत म्हटलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हसून हात जोडले. तेव्हा मला माझीच किळस आली. घरी येऊन शाल खुर्चीवर टाकली आणि हे लिहायला बसलो, कारण खरं सांगावं असं दुसरं माणूस आठवेना. तुमच्या सुनेला यातलं अर्धंच माहीत आहे, आणि ते माझ्या सोयीचं अर्धं आहे.

तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी फौजेने मला निरीक्षक म्हणून एका परक्या देशात पाठवलं. नाव सांगून तुम्हाला काही कळणार नाही. डोंगराळ, इगतपुरीसारखा सदा ओला मुलूख. तिथे सरकार आणि बंडखोर वर्षानुवर्षं एकमेकांचे गळे कापत होते, आणि शेवटी दमून त्यांनी करार केला. दोघांनी आपापल्या बंदुका लोखंडी कंटेनरमध्ये जमा करायच्या. कंटेनरला दोन कुलुपं, एक किल्ली यांच्याकडे, दुसरी त्यांच्याकडे, म्हणजे एकट्याला उघडता येऊ नये. प्रत्येक बंदुकीची पोचपावती माझ्या सहीने द्यायची. कागदावर सगळं सोपं होतं. प्रत्यक्षात पहिला आठवडा बंदूक आधी कोणी ठेवायची यातच गेला. मग बंडखोरांचा किल्लीवाला पुतणीच्या लग्नाला निघून गेला आणि चार दिवस कंटेनर उघडलाच नाही. छावणीत राहायला आलेल्या लढवय्यांना कबूल केलेलं धान्य वेळेवर येत नव्हतं, काम शिकवायला येणारे मास्तर आलेच नाहीत, आणि त्यांचे पुढारी मात्र राजधानीत कोणाला कुठलं खातं यावरून भांडत होते. लोकांना मारताना ज्यांनी मागेपुढे पाहिलं नव्हतं, ते बंगल्यावरून एकमेकांवर रुसत होते. मला त्यांच्या पंगतीला बसावं लागायचं.

मग एकदाच्या बंदुका आल्या. मी टेबलामागे उभा आहे, शेजारी आमची दुभाषी, तिथल्याच एका शाळेतली शिक्षिका. समोर रांग. पहिली बंदूक हातात येते ती दस्ता नसलेली. दुसरीचा घोडा हलत नाही. फौजेत जाताना तुम्ही मला पेनाएवढा टॉर्च दिला होता, तो मी तिसरीच्या नळीत मारतो, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. दुभाषी वाकून बघते आणि शांतपणे म्हणते, "साहेब, यातून गोळी सुटली तर फक्त ही माशी मरेल." मला हसू येतं. दोन्ही बाजूंनी घराच्या माळ्यावरचा, गोठ्यातला, नदीतला गंज गोळा करून आणला होता. चांगल्या बंदुका कुठे होत्या हे तिथल्या शेळ्यांनाही माहीत असावं.

मी आमच्या वरिष्ठाकडे गेलो. तो तिसऱ्याच देशाचा, इस्त्रीच्या कपड्यातला गोरटेला माणूस. त्याने मान वर न करता सांगितलं, "आपण जमा करायला आलोय, दुरुस्त करायला नाही. आकडा भरला की करार पुढे सरकतो. नाही भरला तर तुम्ही लढाई सुरू केलीत असं म्हणतील." मी परत टेबलाशी आलो, टॉर्च खिशात ठेवला आणि सह्या करू लागलो.

त्या क्षणी मला तुमची खंडेनवमी आठवली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा असायची आणि आम्ही घरचे सगळे यायचो. तुम्ही टूलरूमचे स्टोअरकीपर. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो, म्हणून ताट मांडायचं काम माझ्याकडे दिलंत. चांगली मापाची हत्यारं कपाटात कुलुपात होती, ती काढायचा कंटाळा केला, आणि भंगाराच्या पेटीतली मोडकी व्हर्निअर, बोथट ड्रिल घासूनपुसून ताटात मांडली. वर झेंडूची फुलं घातली. छान दिसत होतं. तुम्ही आलात, एक ड्रिल उचललंत, त्याच्या टोकावरून अंगठा फिरवलात आणि सगळ्यांसमोर ताट उलटं केलंत. "हे भंगार हाय," तुम्ही म्हणालात. "उद्या ज्याच्यावर काम करायचं तेच पूजेला ठेवायचं. हे ठेवून हात कोणाला जोडतो?" सगळा टूलरूम बघत होता. मला तेव्हा तुमचा फार राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी चारचौघांत शोभा कशाला करायची, असं वाटलं, आणि आठवडाभर मी तुमच्याशी बोललो नाही.

तिथे मात्र कोणी ताट उलटं केलं नाही. शेवटच्या दिवशी कंटेनरला हार घातले, दोन्ही सेनापतींनी मिठ्या मारल्या, माझाही फोटो निघाला. मी परत आलो. दीड वर्षाने चांगल्या बंदुका बाहेर आल्या आणि लढाई पुन्हा पेटली. दुभाषीचं गाव नदीपलीकडे होतं. तिचा भाऊ तिथल्या शाळेच्या ओसरीवर मारला गेला.

गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं. आता तिथे त्या लढाईत कोणाच्या बंदुका चालल्या याची चौकशी बसली आहे. ते दोन्ही सेनापती मंत्री आहेत, आणि दोघे एका सुरात म्हणतात की आमची सगळी हत्यारं आम्ही कधीच जमा केली, परदेशी निरीक्षकाच्या पोचपावत्या आहेत. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं माझ्या सहीमागे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. तिने मला शिव्या दिलेल्या नाहीत. एवढंच लिहिलंय की तुम्ही काय जमा करून घेतलंत ते चौकशीला लिहून कळवा, बाकी मी बघते. सोमवारपर्यंत पोचायला हवं.

मी उत्तर लिहून ठेवलंय. भाषा नीट, इंग्रजी स्वच्छ. त्यात म्हटलंय की बंदुका जुन्या होत्या हे खरं, पण करारानुसार आम्हाला त्या मोजण्याचाच अधिकार होता, तपासण्याचा नव्हता. बायकोला हेच सांगितलं, मित्रांना हेच सांगितलं, आज पोरांनी विचारलं तेव्हा हेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की म्हणताना जीभ अडखळतही नाही.

अण्णा, अधिकार होता. प्रत्येक बंदूक चालवून बघावी, न चालणारी परत करावी, असं कलमच होतं. पहिल्या सकाळी मैदानात दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर ते मीच मोठ्याने वाचलं होतं. एकेक वाक्य मी वाचायचो, थांबायचो, आणि तीच ते त्यांच्या भाषेत सांगायची.