समुद्र गेला होता तेव्हा

ताईला आणि भावोजींना वाकून नमस्कार.

वादळ होऊन गेलं आणि मी धडधाकट आहे. हॉटेलच्या लॉन्ड्रीच्या दोन खिडक्या तेवढ्या फुटल्या. विमानं बंद आहेत, पाहुणे अडकलेत, त्यामुळे चादरी धुऊन धुऊन हात भरून आलेत, बाकी काही नाही.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या सकाळी वाऱ्याने समुद्रच पळवला. तुझी शपथ! जमिनीकडून असा वारा सुटला की खाडीतलं पाणी पार दिसेनासं झालं. होड्या चिखलात आडव्या. जिथे कायम पाणी, तिथे शेवाळलेल्या पायऱ्या आणि कुणाची तरी गंजलेली सायकल. काळजी करू नकोस, मी तिसऱ्या मजल्यावरून बघत होतो. आ वासला तो मिटेचना.

पाहुणे फोटो काढायला सरळ आत चालत गेले. आमचा म्हातारा आचारी ओरडत सुटला, "मागे या! वारा फिरला की पाणी येणार!" सगळे धावत आले. एक आजीबाई मागे राहिल्या होत्या, त्याही सुखरूप आहेत. मग पाणी आलं. लाट नव्हती गं, अख्खा समुद्र काही न बोलता आपल्या घरी परत आला.

तुझा गुडघा कसा आहे? आईला फक्त पाऊस झाला म्हणून सांग.

आणि रागावू नकोस, तू दिलेल्या चपला गेल्या. आजीबाई पाठीवर होत्या आणि पाणी गुडघ्याला लागलं होतं. चपला शोधायला वळायचा धीर झाला नाही.

तुझा,
धाकटा