संध्याकाळचं वजन

४ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. आ. (पंचावन्नाव्या वर्षी चिमणी म्हटलेलं चालत नसेल, तर पत्र न वाचता परत पाठव.)

आज दूध तापवताना उगाच आठवलं. गोठ्यामागे आपण दोघी नाकाला रुमाल बांधून उभ्या आहोत. बाबा खताच्या हिशोबासाठी तराजूच्या आकड्याला शेणाची पाटी अडकवतात, वजन सांगतात, मी ते मोठ्याने म्हणते आणि तू पेन्सिलीचं थुटूक जिभेवर ओलं करून वहीत लिहितेस. त्या दिवशी शाळेत तुझ्या बाकावरची मुलगी सरकून बसली, म्हणून तू माझ्याशी रात्रीपर्यंत अबोला धरलास. जणू सगळा गोठा माझ्याच पोटी जन्मला होता.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकते, म्हणून हे पत्र. मार्चअखेर मी निवृत्त होते. त्याआधी आपल्या सगळ्या पट्ट्यातला नत्राचा अंदाज पुरा करायचा आहे. ताई नक्की करते काय, असं तू दरवेळी विचारतेस, म्हणून पुन्हा सांगते. बाहेरून ट्रकने पेंड येते, तिच्यात नत्र असतं. गायी ती खातात. थोडं नत्र दुधातून जातं, बाकीचं शेणामुतात उतरतं. त्याचं खत शेतात पडतं, पीक हवं तेवढं उचलतं. जे कुणीच उचलत नाही ते हवेत उडतं, नाहीतर झिरपून विहिरीला मिळतं. आलं किती, गेलं किती, राहिलं किती, एवढं मी एका खोलीत बसून मांडते. चाळीस वर्षं हेच चाललंय.

यंदा मात्र मेळ बसत नाही. माझ्या तक्त्याप्रमाणे तुमच्याकडच्या विहिरी स्वच्छ हव्यात, आणि तपासणीत त्या तशा निघत नाहीत. प्रयोगशाळेत नवी आलेली मुलगी आहे, फार सभ्य. तिने विचारलं, गाईमागे शेण किती, हा मूळ आकडा आला कुठून. मी ताठ मानेने सांगितलं, आमच्या गोठ्यातून. आठ महिने, रोज दोनदा तोलून. त्याच आकड्याला आजच्या थोराड गायींच्या मानाने वाढवून सगळे वापरतात, आणि एका शेतात किती गायींचं खत टाकायचं ही मर्यादाही त्यावरूनच ठरली आहे. तिला मूळ वही बघायची आहे. तुझ्याकडच्या पेटीत असेल. पाठवशील?

निरोपाच्या समारंभाला घरचे किती येणार, असं कारकून विचारत होता. खुर्च्या मांडायच्या असतात म्हणे. विचारून सांगते म्हटलं.

लोभाचा झरा आटू देऊ नकोस.
तुझी,
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच गोड मानून घे, गुडघे वाकत नाहीत.)

वही शोधते. पेटीवर पोती रचली आहेत आणि ती हलवायला माणूस मिळत नाही. एवढं काय अडलंय त्या वहीवाचून? जुन्या कागदांत काय ठेवलंय.

इथलं सांगते. आरोग्यसेविकेने आपल्या विहिरीवर लाल पट्टा मारला. मोठ्यांना चालेल, तान्ह्या बाळाला हे पाणी द्यायचं नाही, असं सांगून गेली. लेकीला कळवलं, तर ती म्हणाली की मग बाळाला घेऊन येत नाही. मी म्हटलं, उकळून देईन. म्हणते, आई, उकळून पाण्यातलं नत्र जात नाही, उलट वाढतं, मावशीला विचार. चार महिन्यांची नात मी अजून फोटोतच बघते आहे. पाळणा माळ्यावरून काढून ठेवला होता, त्यात आता लसूण वाळतोय.

तुझे भावजी गेल्यापासून मी अकरा गायींशीच बोलते. एक उत्तरही देते, पण तिचं बोलणं खुराकापलीकडे जात नाही. शेजारचा गहूवाला कुंपणाशी आला होता. म्हणाला, वहिनी, इथे सगळेच मर्यादेत खत टाकतात, मग विहीर कशी बिघडली? तुमच्या ताईंना विचारा की, त्या एवढ्या मोठ्या मोजणाऱ्या. मी कपबशा विसळायच्या आहेत म्हणून आत आले.

आहे तेवढी माया असू दे, जास्तीचं मागत नाही.
तुझी,
चिमणी

६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

वही पोचली. पोती तू एकटीने हलवलीस की काय? कंबरेचं कळव.

दोन दिवस वही घेऊन बसले आहे. पहिल्या चाळीस दिवसांची पानं घाणेरडी आहेत, कडेला हिरवट बोटं उमटलेली, एका पानावर चक्क वासराने जीभ फिरवलेली. गाईमागे रोज बारा किलो. मग मी वसतिगृहात गेले. पुढच्या दोनशे दिवसांत एकही डाग नाही. अक्षर असं, की शाळेतल्या सिस्टरांनी वर्गात फिरवून दाखवावं. आणि आकडा आठ किलो. बाराचे एकदम आठ.

आपल्याला शाळेत शिकवलं होतं, चूक रबराने खोडायची नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे चूकही वाचता येते. तसंच तुला विचारते. रागावणार नाही. त्या दोनशे दिवसांत काय झालं?

उत्तराची वाट पाहते, आणि तुझीही.
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही मी पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवली होती. पोत्यांची सबब होती.

तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी बाबा अंथरुणाला खिळले. आई त्यांच्या उशाशी. तोलायचं काम माझ्यावर आलं. मी तेरा वर्षांची. सकाळी उजेड असायचा, जमायचं. संध्याकाळी गोठ्यात काळोख, आणि पाटी अडकवायला स्टुलावर चढले की तराजू डोक्याशी झुलायचा. दोनदा गेले. तिसऱ्या दिवशी दारातूनच फिरले. मग सकाळच्या सहा किलोंत अंदाजाने दोन मिळवायचे आणि हात धुऊन स्वयंपाकघरात बसून लिहायचे. बाबा विचारायचे, संध्याकाळचं झालं का? मी हो म्हणायचे. ते पानावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, अक्षर सुधारलं हो तुझं.

मी तुला ये म्हणून दोन पत्रं लिहिली होती. तू येण्याची तारीख कळवलीस, मग लिहिलंस, परीक्षा आहे. परीक्षा होतीच, मला ठाऊक आहे. पण ताई, तू आलीस तेव्हा बाबा नव्हते. आणि त्यांच्या कपड्यांच्या गाठोड्यातून तू ही वहीच उचललीस, जपून ठेवते म्हणालीस. तेव्हा मी काय तोंडाने सांगणार होते? पुढे तू तिच्यावर प्रबंध लिहिलास, आणि मग वही इथल्या पेटीत आणून ठेवलीस. नंतर तर सांगणं दर वर्षी आणखी अवघड होत गेलं.

तुझं पत्र आल्यापासून पंधरा दिवस मी गायींचं शेण तोलते आहे. दोन्ही वेळा. गहूवाला विचारतो, बाईंनी शेणाची पेढी काढली का? त्याला म्हटलं, गिऱ्हाईक चाळीस वर्षांपासून थांबलंय. आकडे सोबत आहेत. संध्याकाळचं वजन सकाळइतकंच भरतं गं. कधी जास्तच.

राग धरलास तरी पत्र धाड.
चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ., आणि यावेळी माझाही नमस्कार.

तुझं पत्र खिडकीशी बसून तीनदा वाचलं. आता माझं ऐक. बाराचे आठ झालेले मला प्रबंध लिहितानाच दिसले होते. एक ओळ लिहून तुला विचारता आलं असतं. विचारलं नाही. त्या दिवसांचं काही विचारलं असतं, तर तूही मला विचारलं असतंस, की ताई, तू कुठे होतीस. म्हणून मी लिहिलं, पहिले चाळीस दिवस ओला चारा होता, तेव्हाचं वजन फुगलेलं, खरा आकडा आठचाच. अख्खं पान भरून लिहिलं, आणि खरे होते तेवढेच दिवस गाळून टाकले. परीक्षकांनी त्या पानाची तारीफ केली होती. तू तेरा वर्षांची होतीस. प्रबंध लिहिताना मी तेवीस वर्षांची होते.

सोमवारी बैठकीत हे सगळं सांगितलं. साहेब चष्मा पुसत राहिले. प्रयोगशाळेतल्या मुलीने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग ती आणि मी आठवडाभर बसून सगळा तक्ता नव्याने मांडला, तुझे आकडे आणि आणखी नऊ गोठ्यांचे धरून. शेण दीडपट निघतं. म्हणजे मर्यादेत राहूनही तुमच्या शेतांवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त नत्र पडत होतं. आता मर्यादा खाली येईल. पण विहीर लगेच सुधारणार नाही, चिमणे. दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त. नात तोवर शाळेत जायला लागेल. हे तुला गोड करून सांगता येत नाही.

निरोपाचा समारंभ मीच नको म्हटलं. कारकुनाचा खुर्च्यांचा प्रश्न सुटला. तुझ्याकडे येईन म्हणते, पण तारीख लिहीत नाही. मागे एकदा लिहून आले नव्हते.

उरलेल्या दिवसांत जेवढा लोभ करशील तेवढा माझा.
तुझी,
ताई

ता. क. नव्या तक्त्याच्या पाच प्रती सोबत आहेत. पहिली दूध संस्थेच्या चिटणिसांना हातात दे, टेबलावर ठेवून येऊ नकोस. दुसरी आरोग्यसेविकेला. तिसरी तुझ्या लेकीला टपालाने, पाण्याबद्दलच्या ओळीखाली मी रेघ मारली आहे. चौथी गहूवाल्याला, आणि त्याच्याशी आतल्या कपबशा विसळून झाल्यावर सावकाश बोल. पाचवी तू ठेव. तिच्या तळटिपेत लिहिलं आहे, की जुनी मोजणी तेरा वर्षांच्या मुलीने एकटीने केली आणि पडताळायची ज्यांची जबाबदारी होती त्यांनी ती पडताळली नाही. साहेब ते काढा म्हणत होते. काढलं नाही.

यंदाच्या खतापैकी चार ट्रॉल्या गहूवाल्याला दे, त्याची वरची जमीन उपाशी आहे. दोन शाळेच्या बागेला. उरेल ते टेकडीकडच्या शेताला, थोडं थोडं करून. विहिरीजवळच्या तुकड्याला काहीही देऊ नकोस.