होवसेपशेजारची जागा आणि तीन पुस्तकं

मी, सिरवार्त केशिशियान, वय एकोणऐंशी, राहणार बुर्ज हम्मूद, बैरूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

१. राहत्या दोन खोल्या भाची आनी हिला द्याव्यात. भिंतींना तो भयंकर हिरवा रंग तिने लावू नये.

२. चपला शिवायचं माझं मशीन शेजारच्या मारालला द्यावं. तिने ते एकदा न विचारता नेलं आणि सुई मोडून गुपचूप परत ठेवलं. तरी द्यावं, हात चांगला आहे तिचा.

३. माझी तीन पुस्तकं नणंद अझनीव वन्संना द्यावीत. याचं कारण लिहिणं भाग आहे. माझा नवरा होवसेप गेल्यावर काही वर्षांनी मी नुहाद नावाच्या बाईबरोबर संसार मांडला. तेव्हा वन्सं चारचौघांत म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावाला जन्मभर फसवलंस!" नाही हो वन्सं. माझा होवसेपवर जीव होता आणि नुहादवरही. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही. माझा जीव बायकांवरही जडतो, हे होवसेपला मी लग्नाआधीच सांगितलं होतं. याच विषयावरचं पहिलं, पातळ पुस्तक त्यानेच शोधून आणलं. मी शेंगा निवडायची, तो मोठ्याने वाचायचा.

"तुला बायकाही आवडतात, पुरुषही आवडतात. मग यात मी कुठे बसतो?"

"तू स्वयंपाकघरात बसलायस. कांदा चिर."

हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा अजून हातातही घेतला नव्हता.

तर वन्संनी आधी हे प्रश्नोत्तरांचं पातळ पुस्तक वाचावं. मग कैरोच्या एका शिक्षिकेच्या आठवणी. तिचा नवरा, तिची मैत्रीण, सगळं धीटपणे लिहिलंय बाईने. तिसरं कवितांचं, सगळ्यात धीट, ते शेवटी. ते आधी हाती लागलं तर वन्सं फेकूनच देतील. पटलं नाही तरी चालेल. वाचून त्यांना काय काय प्रश्न पडतील, याची मला भारी उत्सुकता आहे.

४. मला होवसेपशेजारी पुरावं. नुहादला डोंगरातल्या तिच्या गावी, तिच्या आईजवळ पुरलंय. तिथे मला कोणी येऊ देणार नाही. घराण्याचं थडगं उघडायला वन्संची परवानगी लागते, आणि "ती बाई इथे येणार नाही" असं त्यांनी पाद्रींना बजावून ठेवलंय. वन्सं, मला तिथेच यायचंय. हात जोडते.

५. आज साक्षीदार म्हणून मी मुद्दाम वन्संना बोलावलं. इतक्या वर्षांनी जिना चढून आल्या. कॉफीला हात लावला नाही. वरची चारही कलमं वाचली, तिसरं दोनदा. मग वकील झारेह यांना विचारलं, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का हो?"

"नाही बाई. तुम्ही सही केलीत तर पुस्तकं गेली."

वन्संनी पेन खाली ठेवलं आणि तिन्ही पुस्तकं पिशवीत कोंबली.

"अहो, ती मी मेल्यावर न्यायची!"

"मग काय, तोवर ताटकळत बसू?"

"आणि थडग्याचं?"

"आधी वाचू दे. वाचून मला भांडायचंय तुझ्याशी. तोवर मरायचं नाही, सांगून ठेवते."

हे बोलणं जसंच्या तसं इथे उतरवलं आहे, म्हणजे उद्या त्यांना शब्द फिरवता येणार नाही.

सही: सिरवार्त केशिशियान

साक्षीदार:
१. वार्तान देमिर्जियान, घड्याळजी, तळमजला
२. ~~अझनीव केशिशियान~~ (सही करण्यास नकार) यांच्याऐवजी लुसीन तोपालियान, शिक्षिका

बुर्ज हम्मूद, ९ मार्च २०१९