बागेतल्या टाळ्या

हेवीझ, मंगळवार

लाडके पिरोश्का,

दुखऱ्या बोटांसाठी रोज तासभर गरम तळ्यात बसते. काळजी करू नकोस. तुझा खोकला गेला का?

संध्याकाळी बागेत वाद्यवृंद असतो. वाद्यवृंद कसला, नुसतं रडगाणं. लोक बाथरोब आणि सपाता घालून येतात, व्हायोलिनवाला बेसूर झाला तरी माना डोलावतात. वर एका तालात टाळ्या पिटून आणखी वाजवायला लावतात.

काल शेजारी बसलेल्या मार्गितकाकू म्हणाल्या, “हात मांडीवर ठेवून काय बसलात? टाळ्या फुकट असतात, बाई.”

सगळ्यांचा ताल मोडायचा म्हणून मी चिडून वाजवल्या. ताल काही मोडला नाही. बोटंही दुखली नाहीत.

मी विकायला सांगितलेला माझा पियानो अजून घरात आहे ना? राहू दे. असल्यांना टाळ्या मिळतात, मग मीच वाजवणं का थांबवू?

अजून तशीच फटकळ,
तुझी ताई एतेल्का